प्रेक्षकांच्या नावाखाली: क्रिस्टिन क्राफ्ट प्रकरण

१४ ऑगस्ट १९८१. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं कॅन्सस सिटी हे शहर. तिथल्या केएमबीसी या टीव्ही स्टेशनच्या वृत्तविभागाचे प्रमुख रिज शॅनन यांनी आपल्या अँकर क्रिस्टिन क्राफ्ट यांना बोलावून सांगितलं, की यापुढे तुम्ही अँकर नाही. पगार तोच राहील, पण काम बातमीदाराचं. कारण विचारल्यावर मिळालेलं उत्तर, क्राफ्ट यांच्या म्हणण्याप्रमाणे, असं होतं: प्रेक्षकांना तुम्ही वयस्कर वाटता, दिसायला बऱ्या वाटत नाही आणि पुरुषांशी नमतं घेऊन वागत नाही. क्राफ्ट तेव्हा ३६ वर्षांच्या होत्या. हे शब्द आपण वापरलेच नाहीत, असं शॅनन यांनी पुढे कोर्टात सांगितलं.

इथून साडेचार वर्षं हे प्रकरण चाललं. दोन वेळा ज्युरी बसली, दोन्ही वेळा तिनं क्राफ्ट यांच्या बाजूनं कौल दिला, आणि तरीही शेवटी भरपाईचा एक डॉलरही त्यांच्या हाती पडला नाही. टीव्हीतल्या बायकांवर अन्याय होतो हे सांगायला या प्रकरणाची गरज नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. ‘प्रेक्षकांना आवडत नाही’ हे कारण नेमकं कुठे तयार होतं, कोण तयार करतं आणि कायद्यापुढे ते कसं टिकून जातं, याचा पायरीपायरीनं माग या प्रकरणाच्या कागदपत्रांतून काढता येतो. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

स्थानिक बातम्यांचा धंदा

१९८१ साली आपल्याकडे मुंबई दूरदर्शन ही एकच वाहिनी होती, तीही सरकारी. संध्याकाळच्या मराठी बातम्या पाहायच्या तर तिथेच. त्यामुळे अमेरिकेतली ‘लोकल न्यूज’ म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगावं लागेल. तिथे तेव्हा प्रत्येक मोठ्या शहरात तीन-चार खाजगी स्टेशनं असत. बहुतेक स्टेशनं एबीसी, सीबीएस किंवा एनबीसी यांपैकी एखाद्या नेटवर्कशी जोडलेली असत. मालिका, खेळ, राष्ट्रीय बातम्या नेटवर्ककडून येत. शहराच्या बातम्या मात्र स्टेशनच्या स्वतःच्या, आणि त्यांत लागणाऱ्या जाहिरातींचे पैसेही स्टेशनचे. म्हणजे संध्याकाळचं आणि रात्रीचं स्थानिक बुलेटिन ही स्टेशनची दुभती गाय.

त्या काळी नील्सन आणि आर्बिट्रॉन या दोन कंपन्या रेटिंग मोजत. फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर हे मोजणीचे मुख्य महिने. त्यांत जो आकडा येई त्यावर जाहिरातींचे दर ठरत. तीनही स्टेशनांवर बातम्या साधारण त्याच, आग लागली ती इमारतही तीच. मग प्रेक्षकानं याच चॅनेलवर का थांबावं? स्टेशनवाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं: अँकरसाठी. म्हणून अँकरचा चेहरा बसवर, होर्डिंगवर, शाळेच्या कार्यक्रमात, सगळीकडे. आणि आकडा घसरला की पहिला बदल त्याच चेहऱ्यात.

या खेळात साठच्या दशकापासून एक नवा गडी उतरला होता, सल्लागार कंपनी. आयोवा राज्यातली फ्रँक मॅगिड यांची कंपनी त्यांतली सर्वांत नावाजलेली. लोकांच्या घरी जाऊन, फोन करून, गट बसवून प्रेक्षकांची आवडनिवड शोधायची आणि स्टेशनला सांगायचं की बातम्या आखूड करा, दोन अँकर ठेवा, अधूनमधून त्यांना आपसांत हसत-बोलत राहू द्या. केएमबीसीची मालक कंपनी मेट्रोमीडिया. तिनं नेमलेले सल्लागार होते डॅलसचे मीडिया असोसिएट्स.

दुसऱ्या अँकरच्या खुर्चीवर बाई असावी, हा विचार याच काळातला. १९७१ मध्ये प्रसारणाचं नियंत्रण करणाऱ्या एफसीसीनं समान संधीच्या नियमांत स्त्रियांचा समावेश केला. १९७६ मध्ये बार्बरा वॉल्टर्स एबीसी नेटवर्कवर संध्याकाळच्या बातम्यांच्या सहअँकर झाल्या, वर्षाला दहा लाख डॉलरच्या करारानं, आणि त्यावरून केवढा गहजब झाला. दारं उघडत होती खरी. पण १९७७ मध्ये नागरी हक्क आयोगानं टीव्हीवरच्या स्त्रिया आणि अल्पसंख्याकांविषयी अहवाल काढला, त्याचा सूर असा होता की पडद्यावर त्या दिसतात, निर्णयाच्या टेबलाशी नसतात. पुढचं सगळं प्रकरण या एका निरीक्षणात आधीच लिहिलेलं आहे, असं मला वाटतं.

सांता बार्बरा ते कॅन्सस सिटी

क्राफ्ट कॅलिफोर्नियाच्या. समुद्रकाठच्या, सर्फिंग करणाऱ्या, काही काळ शिक्षिकेचं काम केलेल्या. टीव्हीत त्या तिशीत आल्या. सालिनास या लहान शहरात हवामान सांगण्यापासून सुरुवात, मग सॅन फ्रान्सिस्कोला केपीआयएक्स स्टेशनवर हवामान आणि बातमीदारी.

मधे सीबीएसच्या खेळांच्या कार्यक्रमात स्त्री-खेळाडूंविषयीच्या भागाचं निवेदन त्यांना मिळालं. नेटवर्कवर संधी म्हणजे मोठीच गोष्ट. पण तिथे त्यांचे केस सोनेरी रंगवले, चेहऱ्यावर मेकअपचे थर चढवले. हे आपल्याला सोसलं नाही, असं त्या पुढे नेहमी सांगत. हा अनुभव गाठीशी घेऊन त्या सांता बार्बराच्या केईवायटी स्टेशनवर सहअँकर म्हणून काम करू लागल्या. छोटं स्टेशन, बातम्या स्वतः गोळा करायच्या, स्वतः लिहायच्या, संध्याकाळी स्वतःच सांगायच्या.

अमेरिकेतले अँकर तेव्हा असेच वर चढत. शहरांची घरांच्या संख्येनुसार क्रमवारी लावलेली असते. लहान शहरात शिकायचं, आपल्या कामाची टेप मोठ्या शहरातल्या स्टेशनकडे पाठवायची, दोन-तीन वर्षांचा करार करायचा, तो संपला की पुढची टेप. क्राफ्ट यांच्या बाबतीत टेप सल्लागारांकडून फिरत केएमबीसीत पोचली. १९८० च्या अखेरीला स्टेशनला बाई हवीच होती. स्कॉट फेल्डमन हे तिथले अँकर एकटेच बातम्या देत, आणि ते जरा रुक्ष वाटतात असं स्टेशनचं मत झालं होतं. बाजूला बाई बसली की बातम्यांत थोडी ऊब येईल, हा हिशेब.

हा हिशेब लक्षात ठेवायला हवा. बाईची भरती झाली तीच मुळी एका विशिष्ट प्रकारच्या बाईपणासाठी. ती जागा बातमीदाराची आहे असं फक्त क्राफ्ट समजत होत्या.

फोनवर बोलणं झालं, मग क्राफ्ट यांना कॅन्सस सिटीला बोलावून घेतलं, फेल्डमन यांच्यासोबत कॅमेऱ्यापुढे चाचणी झाली, शॅनन आणि स्टेशनचे महाव्यवस्थापक केंट रेप्लोगल भेटले. सीबीएसमध्ये काय झालं ते आपण या दोघांना स्पष्ट सांगितलं, असं क्राफ्ट यांचं म्हणणं. माझं रूप बदलायचं असेल तर मी नको. पत्रकार म्हणून हवी असेन तर येते. आम्हाला तुमची पत्रकारिताच हवी आहे, असं उत्तर मिळाल्याचं त्या सांगतात. दोन वर्षांचा करार झाला; पहिल्या वर्षी ३५ हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी ३८ हजार ५००. पुढचा सगळा खटला उभा राहिला तो करारातल्या आकड्यांवर नव्हे, या बोलण्यावर.

आठ महिने

जानेवारी १९८१ मध्ये क्राफ्ट पडद्यावर आल्या आणि लगेच सल्लागार कंपनीच्या लिन विलफर्ड या बाई त्यांच्या कपड्यांकडे आणि मेकअपकडे पाहायला आल्या. नोकरीत यश मिळवायचं तर बायकांनी काय घालावं, हे सांगणारं एक पुस्तक क्राफ्ट यांच्या हाती देण्यात आलं. मेसीज या मोठ्या दुकानाशी स्टेशननं व्यवस्था केली. कपडे दुकानाचे, बदल्यात जाहिरातीची वेळ.

एप्रिल-मे उजाडेपर्यंत गोष्ट फार पुढे गेली होती. कॅमेऱ्यासमोर एकेक जाकीट, एकेक ब्लाउज घालून पाहायचं, कुठल्या रंगावर स्टुडिओचा दिवा कसा पडतो ते बघायचं, आणि त्यातून तयार झालं कपड्यांचं कॅलेंडर. अमुक तारखेला हे जाकीट, त्यावर हा ब्लाउज, हा दागिना. एखाद्या अँकरच्या टेबलावर बातम्यांचा क्रम लावलेला कागद असतो, तो बातमी आली की शेवटच्या मिनिटाला बदलतो. क्राफ्ट यांच्याकडे दुसराही एक कागद आला होता, आणि तो कुठल्याही बातमीनं बदलणारा नव्हता.

शेजारच्या खुर्चीतल्या फेल्डमन यांना असं कॅलेंडर नव्हतं. स्टेशनमधल्या काही पुरुषांनाही वजन कमी करा, अंगाला नीट बसणारे कपडे घाला, अशा सूचना झाल्या होत्या आणि कोर्टात स्टेशननं त्यांवर भर दिला. खरं आहे, झाल्या होत्या. पण सूचना एकदा मिळणं आणि रोजच्या रोज आपल्या अंगावर काय असेल ते दुसऱ्यानं लिहून देणं यांत फरक आहे, आणि तो फरक मला या प्रकरणात सगळ्यांत जड वाटतो.

याच महिन्यांत दोन घटना घडल्या. दोन्हींचा खटल्याशी थेट संबंध नाही, पण त्यांच्याशिवाय हा काळ कळणार नाही. पहिली, ६ मार्च १९८१ रोजी सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांचे अँकर वॉल्टर क्रॉन्काइट निवृत्त झाले. जन्म याच मिसुरी राज्यातला, तरुणपणी याच कॅन्सस सिटीत रेडिओवर काम केलेलं. निवृत्त झाले तेव्हा वय ६४, चेहऱ्यावर सुरकुत्या, पिकलेली मिशी, आणि देशाचा त्यांच्यावर भरवसा. त्यांचं वय हे त्यांच्या विश्वासार्हतेचा भाग मानलं जाई.

दुसरी घटना १७ जुलैची. कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात नाचाचा कार्यक्रम चालू असताना वरचे दोन टांगते पूल कोसळले. ११४ माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. केएमबीसीचे बातमीदार आणि कॅमेरामन त्या संध्याकाळी लॉबीतच होते. शहराच्या इतिहासातली ही सर्वांत भीषण दुर्घटना. स्थानिक बातम्यांची खरी गरज अशा रात्री कळते: कोणतं हॉस्पिटल, रक्त कुठे द्यायचं, नातेवाइकांनी कुठे चौकशी करायची. त्यानंतर चारच आठवड्यांनी क्राफ्ट यांना खुर्चीवरून उठवलं गेलं, आणि कारण म्हणून पुढे ठेवलेला कागद मे महिन्याच्या आसपास गोळा केलेल्या मतांचा होता.

त्या काळात स्टेशनचा क्रमांक घसरत होता असंही नाही. उलट क्राफ्ट असताना रेटिंग वर गेलं, हा त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा होता.

मत कसं तयार झालं

मीडिया असोसिएट्सनं कॅन्सस सिटीतल्या प्रेक्षकांचे चार गट बसवले. खोलीत दहा-बारा माणसं, पुढे टीव्ही, संभाषण चालवणारा एक माणूस आणि टेप चालू. या टेप पुढे कोर्टात वाजल्या. गट चालवणाऱ्यानं लोकांना सांगितलं, की चला, आता तीस सेकंद क्रिस्टिन क्राफ्टची वाट लावू या. आणि मग विचारलं, खरं सांगा, दिसायला अगदीच गावठी कुत्र्यासारखी आहे का? टेपवरचं हे बोलणं वर्तमानपत्रांत छापून आलं आणि देशभर पोचलं.

आता एवढ्यावर थांबून विचार करू. समजा तुम्ही त्या खोलीत बसला आहात. तुम्हाला क्राफ्ट आवडतही नाहीत, नावडतही नाहीत. रात्री जेवताना बातम्या चालू असतात एवढंच. समोरचा माणूस, ज्यानं तुम्हाला बोलावलं, तो म्हणतो तीस सेकंद हिच्यावर तुटून पडा. तुम्ही काय म्हणाल? बातम्यांविषयी बोलाल का? तिनं पालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमी किती सोपी करून सांगितली, ते आठवेल का? केस, कपडे, वय, हेच तोंडात येणार, कारण प्रश्नच तिथे बोट दाखवतो. पुढे जवळजवळ चारशे लोकांची फोनवर पाहणी झाली. तीत क्राफ्ट यांच्या दिसण्याविषयी प्रश्न होते, दुसऱ्या स्टेशनांवरच्या स्त्री-अँकरांशी तुलना होती. पाहणीतही उत्तरं वाईट आली.

स्टेशनचा युक्तिवाद मला पूर्ण खोटा वाटत नाही, हेही सांगायला हवं. पाहणीतल्या लोकांनी खरोखरच नावं ठेवली होती. ती कुणी घरी बसून लिहिली नव्हती. पैसे गुंतवणाऱ्या कंपनीनं ग्राहकाचं मत विचारावं यातही गैर काही नाही. अडचण पुढची आहे. प्रेक्षकांना अँकरबाईकडून काय अपेक्षित आहे, हे त्यांना वर्षानुवर्षं पडद्यानंच शिकवलेलं असतं. पुरुष पन्नाशीचा, बाई तिशीची. तो सांगणार, ती मान हलवणार. मग त्याच शिकवणीतून आलेलं मत ‘बाजाराची मागणी’ म्हणून परत स्टेशनला विकायचं, आणि स्टेशननं ते पुरावा म्हणून दाखवायचं. या वर्तुळात क्राफ्ट यांचा दोष इतकाच, की बेसबॉलच्या दोन लीगमधला फरक त्यांना माहीत होता आणि ते त्या लपवत नसत. हेही त्यांना सुनावलं गेलं, असं त्या सांगतात.

क्राफ्ट यांनी बातमीदाराची जागा नाकारली आणि त्या सांता बार्बराला, आपल्या जुन्या स्टेशनवर परतल्या. पगार तोच असताना का सोडली, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. एखाद्या शहरानं ‘दिसायला बरी नाही’ म्हणून पडद्यावरून काढलेली अँकर त्याच शहरात माइक घेऊन फिरणार, दुकानदार तिला ओळखणार, नगरसेवक तिला ओळखणार. त्या का राहिल्या नसतील, हे मला समजतं.

कोर्टात

खटला मेट्रोमीडियावर झाला. तोवर, १९८२ मध्ये, कंपनीनं केएमबीसी हर्स्ट समूहाला विकलंही होतं. क्राफ्ट यांचे मुख्य दावे तीन: रोजगारातल्या लिंगभेदाला बंदी करणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली भेदभाव, पुरुष अँकरपेक्षा कमी पगार, आणि मिसुरीच्या कायद्याखाली फसवणूक, म्हणजे रूप बदलणार नाही असं सांगून नोकरीवर आणलं हा आरोप.

वयाचा दावा मात्र नव्हता, आणि असूही शकत नव्हता. वयावरून भेदभाव करू नये असं सांगणारा अमेरिकी कायदा १९६७ चा; तो लागू होतो चाळिशीपासून. ३६ व्या वर्षी ‘वयस्कर’ ठरवलेली बाई त्या कायद्याच्या लेखी अजून तरुण होती.

ऑगस्ट १९८३ मध्ये कॅन्सस सिटीतल्या ज्युरीनं फसवणुकीचा आरोप मान्य केला आणि ५ लाख डॉलर भरपाई ठरवली: ३ लाख ७५ हजार नुकसानीचे, १ लाख २५ हजार दंडाचे. लिंगभेद झाला असंही ज्युरी म्हणाली. कमी पगाराचा दावा तिनं फेटाळला.

इथे एक तांत्रिक पण फार मोलाची गोष्ट आहे. त्या वेळच्या कायद्यात लिंगभेदाच्या दाव्यावर ज्युरीचं मत फक्त सल्ल्यापुरतं असे, निर्णय न्यायाधीशांचा. भरपाई म्हणूनही जवळपास बुडालेला पगारच मिळे, आणि क्राफ्ट यांना पगार तोच देऊ केलेला होता. हे सगळं बदललं ते १९९१ च्या सुधारणेनं, क्राफ्ट यांच्या खटल्यानंतर पाच वर्षांनी. त्यामुळे त्यांच्या वकिलांसाठी पैशाचा खरा मार्ग फसवणुकीच्या दाव्यातून जात होता, आणि जो मुद्दा प्रकरणाच्या गाभ्याशी होता तो न्यायाधीश जोसेफ स्टीव्हन्स यांच्या एकट्याच्या हातात होता.

ऑक्टोबरच्या शेवटी स्टीव्हन्स यांनी निकाल दिला. लिंगभेद झालेला नाही. भरपाईची रक्कम अवाजवी आहे, आणि ज्युरीचा निर्णय भावनेच्या, पूर्वग्रहाच्या किंवा गोंधळाच्या भरात झालेला दिसतो. फसवणुकीवर नवा खटला चालवा. क्राफ्ट यांच्याविषयी त्यांनी लिहिलं, की कपडे आणि मेकअप या बाबतीत त्यांची समज सरासरीपेक्षा कमी आहे, समुद्रकाठच्या सैल राहणीची त्यांना ओढ आहे, आपल्या दिसण्याविषयी त्या बेफिकीर आहेत, म्हणून स्टेशनला त्यांच्यापुरते खास उपाय योजावे लागले. कॅलेंडर फक्त त्यांनाच का, याचं उत्तर हे.

जानेवारी १९८४ मध्ये दुसरा खटला मिसुरीतल्याच जॉप्लिन या लहान शहरात झाला. पहिल्या खटल्याच्या गाजावाजाचा ज्युरीवर परिणाम झाला असं म्हणणाऱ्यांना वाटलं असेल, की इथे वेगळं काही होईल. नव्या ज्युरीनं पुन्हा फसवणूक मान्य केली आणि ३ लाख २५ हजार डॉलर दिले.

जून १९८५ मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे मिसुरी ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टानं तेही रद्द केलं. नोकरीवर घेताना शॅनन आणि रेप्लोगल जे बोलले ते त्या वेळी जाणूनबुजून खोटं होतं याला पुरेसा पुरावा नाही, म्हणून फसवणूक सिद्ध होत नाही. लिंगभेदावर न्यायाधीशांचा निर्णय कायम. मऊपणा, फिती आणि झालरी यांवर स्टेशनचा थोडाफार भर असेल, पण खरं लक्ष रंगसंगती, स्टुडिओचा प्रकाश आणि कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांना रुचणारा सौम्य पेहराव यांवर होतं, असं कोर्टानं म्हटलं.

३ मार्च १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण ऐकायला नकार दिला. ऐकलं पाहिजे असं मत फक्त सँड्रा डे ओकॉनर यांनी नोंदवलं. त्या न्यायालयातल्या तेव्हाच्या एकट्या स्त्री न्यायाधीश त्याच. योगायोग असा, की त्याच महिन्यात मेट्रोमीडियाची स्टेशनं रूपर्ट मर्डोक यांच्या ताब्यात गेली आणि त्यांच्यावर फॉक्स नेटवर्क उभं राहिलं.

कुठे निसटलं

माझ्या मते प्रकरण निसटलं ते एका जुन्या प्रश्नावर. ग्राहकाची आवड हे भेदभावाचं समर्थन होऊ शकतं का? १९७१ मध्ये पॅन अ‍ॅम विमान कंपनीच्या खटल्यात अपील कोर्टानं याचं उत्तर ‘नाही’ असं दिलेलं होतं. प्रवाशांना हवाईसुंदरीच आवडतात म्हणून पुरुषांना त्या कामावर घेणार नाही, हे चालणार नाही असं तिथे ठरलं. टीव्हीच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न वेशांतर करून आला. स्टेशन ‘आम्हाला बाई नको’ असं म्हणतच नव्हतं. बाई हवी होती, पण अमुक तऱ्हेची. आणि अँकरचं दिसणं हा कामाचाच भाग आहे हे एकदा मान्य केलं, की उरतो फक्त रंगसंगतीचा वाद.

दुसरी गोष्ट पुराव्याची. ज्या वाक्यानं हे प्रकरण जगाला कळलं, त्या ‘वय, रूप, नमतेपणा’च्या वाक्याला साक्षीदार दोनच, बोलणारा आणि ऐकणारी. दोन ज्युरींना ऐकणारी खरी वाटली. पण वरच्या कोर्टाच्या हिशेबात ते वाक्य खाली गेलं आणि कपड्यांचा प्रश्न वर आला. नमतं घेण्याचा मुद्दा कपड्यांत कुठेच बसत नाही, तो सरळ स्त्री म्हणून असलेल्या अपेक्षेचा आहे. त्याला निकालात जेवढं वजन मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे अ‍ॅन हॉपकिन्स यांचं प्रकरण आलं. प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस कंपनीत भागीदारी मिळवायची तर चालणं-बोलणं अधिक बायकी कर, मेकअप कर, असा सल्ला त्यांना मिळाला होता. बाईनं कसं असावं याच्या साचेबंद कल्पनांवरून नोकरीतले निर्णय घेणं हा लिंगभेदच, हे तिथे मान्य झालं. ओकॉनर यांनीही निकालाला आपलं स्वतंत्र मत जोडून दुजोरा दिला. क्राफ्ट यांचा दावा १९८९ नंतर उभा राहिला असता तर न्यायाधीशांपुढे वेगळा प्रश्न गेला असता.

नंतर

क्राफ्ट यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, देशभर भाषणं दिली. सॅक्रामेंटोच्या एका स्टेशनवर त्या बातम्यांच्या प्रमुख झाल्या आणि अँकरिंगही केलं, म्हणजे शॅनन यांच्या खुर्चीवर आणि स्वतःच्या जुन्या खुर्चीवर, दोन्हीकडे बसल्या. पुढे कायद्याचं शिक्षण घेऊन पन्नाशीत कॅलिफोर्नियात वकील झाल्या. रेडिओवर चर्चेचे कार्यक्रमही त्या करत. ज्या कायद्यानं त्यांना परत पाठवलं, तोच शिकायचं त्यांनी ठरवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॅन्सस सिटीचा प्रश्न मात्र तिथेच संपला नाही. २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क शहराच्या एनवायवन या स्थानिक वृत्तवाहिनीतल्या पाच स्त्रियांनी वय आणि लिंग या दोन्ही कारणांवरून भेदभाव झाल्याचा दावा लावला. सगळ्या ४० ते ६१ वयोगटातल्या, त्यामुळे वयाचा कायदा या वेळी त्यांच्या बाजूनं होता. त्यांतल्या रोमा टॉरे वाहिनी १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे होत्या. आपल्याला मागे सारून तरुण चेहरे पुढे आणले जातात आणि वय वाढलेल्या पुरुष अँकरला मात्र मान मिळतो, असं त्यांचं म्हणणं. मालक कंपनीनं आरोप नाकारले. २०२० च्या अखेरीला कोर्टाबाहेर तडजोड झाली. ज्युरी बसलीच नाही, निकाल लागलाच नाही, आणि पाचही जणींनी वाहिनी सोडली.